कृत्रिम गोडवा पोटात गेल्यावर: कुणाला एन्झाइम तोडतात, कोण तसंच बाहेर पडतं

तुमचे प्रश्न एकूण चार आहेत. कृत्रिम स्वीटनर तोडायला माणसाच्या शरीरात एन्झाइमच नाहीत, हे खरं का? नसतील तर न पचलेला माल यकृतात साठत जातो का? ॲस्पार्टेमचं पोटात फॉर्मॅल्डिहाइड होतं म्हणतात, त्यात तथ्य किती? आणि सोबत पाचक एन्झाइमची कॅप्सूल घेतली तर काही फायदा होईल का?

मी जैवरसायनशास्त्राचा माणूस. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्त-लघवीचे रिपोर्ट पाहण्यात आणि वैद्यकीयच्या मुलांना चयापचय शिकवण्यात नोकरी गेली. त्यामुळे आधीच सांगतो, या सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. ‘कृत्रिम स्वीटनर’ ही जात बाजाराने पाडलेली आहे, रसायनशास्त्राने नाही. या एका नावाखाली येणाऱ्या रेणूंचं एकमेकांशी काही नातं नसतं. ॲस्पार्टेम हा प्रथिनाचा छोटासा तुकडा आहे, सुक्रालोज ही क्लोरीन जोडलेली साखर, सॅकरिन हे गंधक असलेलं वलय आणि थॉमॅटिन तर २०७ अमिनो आम्लांचं अख्खं प्रथिन. साम्य इतकंच की हे सगळे जिभेला गोड लागतात.

गोड लागणं आणि पचणं यांचा एकमेकांशी संबंध नसतो. जिभेवर गोड चव ओळखणारा जो ग्राही असतो तो दोन प्रथिनांच्या जोडीचा, आणि त्यावर रेणू बसायच्या जागाही एकाहून अधिक. साखर एका जागी बसते, सायक्लामेट दुसऱ्याच. म्हणून इतके वेगवेगळे आकार त्याला चालतात. एन्झाइम मात्र भलतं चोखंदळ असतं. त्याला विशिष्ट बंध लागतो, त्या बंधाच्या शेजारी कोण आहे हे लागतं, अणूंची दिशासुद्धा जुळावी लागते. जीभ फसली म्हणून आतडं फसेलच असं नाही. किंबहुना बहुतेक स्वीटनर कामाचे ठरतात ते आतडं फसत नाही म्हणूनच.

तेव्हा प्रत्येक पदार्थाबाबत एकच गोष्ट विचारायची: याला तोडतं कोण? आपली एन्झाइम, मोठ्या आतड्यातले जिवाणू, की कुणीच नाही? आणि ‘तुटतं म्हणजे सुरक्षित, तुटत नाही म्हणजे विष’ हे समीकरण डोक्यातून काढून टाकायचं. पुष्कळदा प्रकरण उलटंच असतं. जे तुटत नाही ते आलं तसं बाहेर पडतं, त्याचा हिशोब तिथेच मिटतो. जे तुटतं त्याच्या तुकड्यांचा हिशोब ठेवावा लागतो.

आता ॲस्पार्टेम. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त भीती याचीच आहे आणि आपली एन्झाइम ज्याला पूर्णपणे तोडतात असं नावाजलेलं स्वीटनरही हेच. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटर हा रसायनशास्त्रज्ञ जठरव्रणाच्या औषधासाठी काही पेप्टाइड बनवत होता, तेव्हा हे हाती लागलं. म्हणजे जन्मच प्रथिनांच्या घरातला. ॲस्पार्टिक आम्ल आणि फेनिलअलानिन या दोन अमिनो आम्लांची जोडी, आणि फेनिलअलानिनच्या टोकाला मिथाइल गट. ही अमिनो आम्लं आपण खातो त्या प्रत्येक प्रथिनात असतात.

या रेणूत तोडण्याजोगे बंध दोन. एक दोन अमिनो आम्लांमधला पेप्टाइड बंध, दुसरा मिथाइल गटाचा एस्टर बंध. लहान आतड्यात दोन्हींना गिऱ्हाईक तयार असतं. स्वादुपिंडातून येणारं काइमोट्रिप्सिन आणि इतर एस्टरेज एस्टर बंध तोडतात, त्यातून मिथेनॉल सुटतं. आतड्याच्या अस्तरावर ब्रशच्या केसांसारखे दिसणारे सूक्ष्म उंचवटे असतात, त्यांवर बसलेली पेप्टिडेज, मुख्यतः ॲमिनोपेप्टिडेज-ए, ॲस्पार्टिक आम्लाचं टोक पकडून पेप्टाइड बंध तोडतात. एखादी जोडी अखंड पेशीत शिरलीच तर आतली पेप्टिडेज तिचा निकाल लावतात. हे सगळं इतकं पुरतेपणी होतं की मोठा डोस दिल्यावरही रक्तात अखंड ॲस्पार्टेम सापडत नाही. ‘ॲस्पार्टेम मेंदूत जाऊन अमुक करतं’ असं कुणी म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो: मेंदूपर्यंत पोहोचलं कोण? तुकडे पोहोचतील. आरोप करायचा तर तुकड्यांवर करा.

तुकड्यांचा हिशोब वहीवर मांडता येतो. ॲस्पार्टेमचं रेणूभार २९४. तुटल्यावर मिथेनॉल ३२, ॲस्पार्टिक आम्ल १३३, फेनिलअलानिन १६५. बेरीज करून बघा, ३३० येते. वरचे ३६ आले कुठून? ते पाण्याचे दोन रेणू, प्रत्येकी १८. दोन बंध तोडायला पाण्याचा एकेक रेणू खर्ची पडला. वर्गात हे गणित फळ्यावर करून दाखवलं की जलविघटन म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

हेच प्रमाण डाएट शीतपेयाच्या एका कॅनला लावू. एका कॅनमध्ये साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम असतं. २०० धरलं तर सुमारे २२ मिलिग्रॅम मिथेनॉल, ९० मिलिग्रॅम ॲस्पार्टिक आम्ल आणि ११२ मिलिग्रॅम फेनिलअलानिन. पेलाभर दुधातल्या ८ ग्रॅम प्रथिनातून फेनिलअलानिन मिळतं याच्या तिपटीहून जास्त.

उरलं मिथेनॉल. हे विष आहे, त्यात वाद नाही. पण विष म्हणून त्याची मात्रा ग्रॅममध्ये मोजतात. साधारण १० मिलिलिटर, म्हणजे ८ ग्रॅमच्या आसपास शुद्ध मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जाऊ शकतात. त्यासमोर २२ मिलिग्रॅम ठेवा, साडेतीनशेपट फरक आहे. फळांमधल्या पेक्टिनलाही मिथाइल गट चिकटलेले असतात आणि ते सुटले की मिथेनॉलच होतं. तेवढ्याच टोमॅटोच्या रसातून याहून जास्त मिथेनॉल पोटात जातं, आणि त्याबद्दल कुणी घाबरवत नाही.

पुढचा रस्ता सगळा एन्झाइमचाच आहे. यकृतातलं अल्कोहोल डिहायड्रोजनेज मिथेनॉलचं फॉर्मॅल्डिहाइड करतं. हो, ‘फॉर्मॅल्डिहाइड होतं’ हे तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. पुढचं वाक्य मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. रक्तात फॉर्मॅल्डिहाइड टिकतं जेमतेम मिनिट-दीड मिनिट, तेवढ्यात त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. ग्लुटाथायोन हा पेशीतला एक छोटा संरक्षक रेणू त्याला धरतो, दुसरं एक डिहायड्रोजनेज त्याचं फॉर्मिक आम्लाच्या रूपात रूपांतर करतं, आणि ते फॉर्मिक आम्ल फोलेटवर चालणाऱ्या एन्झाइमच्या हाती जातं. शेवटी कार्बन डायऑक्साइड होतो, किंवा तो एक कार्बन डीएनएचे घटक बनवायला वापरला जातो. आपल्या पेशी स्वतःच दिवसभर फॉर्मॅल्डिहाइड बनवत आणि संपवत असतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार ही उलाढाल रोज प्रतिकिलो वजनामागे ८७८ ते १३१० मिलिग्रॅम इतकी असते. ६० किलोच्या माणसात ती ५० ग्रॅमच्या वर गेली. एका कॅनमधून त्यात भर पडते २० मिलिग्रॅमची.

एका बाबतीत माणूस दुबळा आहे, तेही सांगायला हवं. उंदरांच्या यकृतात फोलेटची सोय भरपूर, त्यामुळे त्यांना मिथेनॉल फारसं बाधत नाही. माणसात आणि माकडांत फॉर्मिक आम्लाची पायरी मंद चालते, म्हणून विषारी दारू प्यायलेल्या रुग्णाच्या रक्तात फॉर्मिक आम्ल तुंबतं आणि दृष्टी जाते. म्हणजे मिथेनॉलच्या बाबतीत उंदरावरच्या प्रयोगाने निर्धास्त होता येत नाही, माणसावरच तपासावं लागतं. ते तपासलं गेलंय. एकाच वेळी प्रतिकिलो ३४ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दोन ग्रॅम ॲस्पार्टेम दिल्यावर रक्तातलं मिथेनॉल मोजण्याइतकंही वाढलं नाही. २०० मिलिग्रॅम प्रतिकिलो या अवाढव्य डोसला मिथेनॉल वाढलं, पण रक्तातलं फॉर्मिक आम्ल तरीही वाढलं नाही. (अल्कोहोल डिहायड्रोजनेजला साधी दारू जास्त प्रिय असते. म्हणून मिथेनॉलच्या विषबाधेत इथेनॉल किंवा फोमेपिझोल देऊन त्या एन्झाइमला अडवून ठेवतात. हा उपचार रुग्णालयातलाच, घरी करून बघायचा नाही.)

खरी अडचण मिथेनॉलची नाहीच. ती आहे फेनिलअलानिनची, आणि तीही मोजक्या लोकांना. फेनिलअलानिन हायड्रॉक्सिलेज हे यकृतातलं एन्झाइम फेनिलअलानिनचं टायरोसिन करतं. फेनिलकीटोन्यूरिया या जन्मजात आजारात ते काम करत नाही. फेनिलअलानिन रक्तात साचतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. अशा मुलाला दिवसभराच्या सगळ्या अन्नातून मिळून काहीशे मिलिग्रॅम फेनिलअलानिनचीच मुभा असते, आणि तिचा मोठा हिस्सा एक कॅन खाऊन टाकतो. वेष्टनावर ‘फेनिलअलानिन आहे’ ही ओळ छापतात ती या लोकांसाठी. बाकीच्यांनी तिच्याकडे धोक्याची पाटी म्हणून बघायचं कारण नाही. ती ओळ वाचून घाबरलेले लोक मला नेहमी भेटतात, आणि ज्यांनी वाचायला हवी त्यांच्यापैकी काहींना ती माहीतच नसते, याचं वाईट वाटतं.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला ‘२-बी’ गटात टाकलं, म्हणजे ‘कर्करोगकारक असू शकेल’. त्याच वेळी अन्नातल्या मिश्रकांवरच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा प्रतिकिलो ४० मिलिग्रॅम होती तशीच ठेवली. दोन्ही बातम्या एकाच दिवशी आल्या, गाजली पहिली. पहिल्या संस्थेचं काम पुरावा किती भक्कम आहे ते सांगणं, किती खाल्ल्यावर धोका आहे हे सांगणं नाही. ते दुसरीचं. ४० मिलिग्रॅमचा हिशोब ६० किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम होतो, म्हणजे २०० मिलिग्रॅमचे १२ कॅन.

ॲस्पार्टेमच्या रचनेतला एक बारकावा इथेच सांगून टाकतो, पुढच्या स्वीटनरला तो उपयोगी पडेल. ॲमिनोपेप्टिडेजला पकडायला रेणूचं मोकळं अमिनो टोक लागतं. बाटलीत बराच काळ पडून राहिलं, किंवा उष्णता मिळाली, की ॲस्पार्टेम स्वतःभोवतीच वळतं, मिथेनॉल सोडून वलय बनवतं. त्याला डायकीटोपिपरेझिन म्हणतात. वलयाला टोक नाही, म्हणून ही एन्झाइम हतबल होतात, आणि गोडवाही जातो. जुनं डाएट पेय फिकं लागतं ते यामुळे. या वलयासाठी मर्यादाही वेगळी ठरवलीय, प्रतिकिलो ७.५ मिलिग्रॅम.

आता तेच टोक मुद्दाम झाकलं तर? निओटेम बनवणाऱ्यांनी तेच केलं. ॲस्पार्टेमच्या अमिनो टोकावर कार्बनची एक जाडजूड फांदी बसवली. पेप्टिडेजचा हात तिथे पोहोचत नाही, फेनिलअलानिन सुटत नाही. एस्टरेजला मात्र वाट मोकळी आहे, ते मिथाइल गट काढून टाकतं आणि उरलेला रेणू लघवी आणि शौचावाटे जातो. साखरेच्या सात हजारपट वा त्याहून गोड असल्याने लागतोही अगदी नखाएवढा. एन्झाइमचा स्वभाव ओळखून रेणू कसा घडवावा याचा इतका नेटका नमुना शिकवायला दुसरा मिळत नाही.

सुक्रालोजची युक्ती वेगळी. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात लेस्ली हफ आणि शशिकांत फडणीस साखरेला क्लोरीन जोडून बघत होते, तिथे याचा गोडवा ध्यानात आला. साध्या साखरेतले तीन हायड्रॉक्सिल गट काढून त्या जागी क्लोरीन बसवलेलं असतं. साखर तोडणारं आपलं एन्झाइम सुक्रेज-आयसोमाल्टेज, लहान आतड्याच्या त्याच ब्रशसारख्या अस्तरावर. ते ग्लुकोजचा अर्धा भाग खोबणीत बसवतं आणि ग्लुकोज-फ्रुक्टोजमधला सांधा तोडतं. सुक्रालोजमध्ये त्या ग्लुकोजच्या चौथ्या कार्बनवर क्लोरीन येतं, तेही उलट्या दिशेने, त्यामुळे तो भाग ग्लुकोजसारखा न राहता गॅलॅक्टोजच्या घडणीचा होतो. शिवाय फ्रुक्टोजच्या बाजूला आणखी दोन क्लोरीन. सांधा तोच आहे, पण भोवतीची ओळख पुसलेली. किल्ली कुलपात शिरते, पण दाते घासून टाकलेले असल्यावर फिरेल कशी?

परिणाम असा की पोटात गेलेल्या सुक्रालोजपैकी सुमारे ८५ टक्के आतड्यातूनच सरळ पुढे जातं. साधारण १५ टक्के रक्तात शिरतं आणि बहुतांश जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. फक्त दोन-तीन टक्क्यांना ग्लुक्युरोनिक आम्ल चिकटवलं जातं. त्याला तोडणं म्हणत नाहीत, बाहेर काढायला सोपं जावं म्हणून शेपूट लावणं म्हणतात.

यावर एक शंका हमखास येते. साखर न पचल्यावर पोट फुगतं, जुलाब होतात. ज्यांना जन्मतः सुक्रेज-आयसोमाल्टेज कमी असतं त्यांना साध्या साखरेने हेच होतं. मग न पचणाऱ्या सुक्रालोजने का होत नाही? कारण मात्रा. चमचाभर साखर ५ ग्रॅम, तिच्या गोडीचं सुक्रालोज ८ मिलिग्रॅमच्या आसपास. आतड्यात पाणी ओढून घ्यायला रेणूंची संख्या लागते, आणि जिवाणूंना आंबवायला काही सापडावं लागतं. इथे दोन्ही नाही.

‘क्लोरीन आहे म्हणजे ब्लीच’ हा युक्तिवाद सोडून द्या, मिठातही क्लोरीन आहे. खरी जपायची गोष्ट निराळी. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं की सुक्रालोज १२० अंशांच्या वर तापवलं तर क्लोरीनयुक्त, आरोग्याला घातक ठरू शकतील अशी संयुगं तयार होऊ शकतात. म्हणून भट्टीत भाजायच्या पदार्थात मी ते सुचवत नाही. तयार पदार्थात वरून घालायला हरकत नाही.

सॅकरिन आणि ॲसिसल्फेम-पोटॅशियम यांच्यावर फार लिहिण्यासारखं नाही, कारण त्यांच्या बाबतीत आपली एन्झाइम काही करतच नाहीत. सॅकरिन सर्वांत जुनं, १८७९ चं. ते रक्तात चांगलं शोषलं जातं, विद्युतभारित राहतं, आणि मूत्रपिंडातले ऋणभारित रेणू वाहून नेणारे वाहक त्याला उचलून लघवीत टाकतात. ॲसिसल्फेमही तसंच, रक्तातलं प्रमाण अडीच तासांच्या आसपास निम्मं होतं आणि दिवसभरात जवळजवळ सगळं बाहेर. ते इतकं अभंग राहतं की नदीत सांडपाणी कुठवर मिसळलंय हे शोधायला शास्त्रज्ञ पाण्यात ॲसिसल्फेम मोजतात. सॅकरिनवर मूत्राशयाच्या कर्करोगाचा जो डाग लागला तो नर उंदरांमुळे. त्यांच्या लघवीची घडण अशी की मोठ्या डोसला त्यात कॅल्शियम फॉस्फेटचे कण तयार होऊन मूत्राशयाचं अस्तर खरवडलं जातं. माणसात ते घडत नाही, आणि अमेरिकेने २००० मध्ये वेष्टनावरची सूचना काढून टाकली.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. यकृतात साठतं का? नाही. साठायला रेणू चरबीत मुरणारा हवा किंवा कुठल्या प्रथिनाला घट्ट चिकटणारा हवा. हे सगळे पाण्यात विरघळणारे. पण ‘साठत नाही’ म्हणजे ‘कुठेच जात नाही’ असं समजू नका. जो रेणू न तुटता रक्तात फिरतो तो रक्त जाईल तिथे थोडाफार जातोच. सुक्रालोज, सॅकरिन आणि ॲसिसल्फेम आईच्या दुधातही सापडलेत. शिवाय हे मुख्यतः मूत्रपिंडांच्या भरवशावर बाहेर पडतात, तेव्हा मूत्रपिंड खूप कमकुवत असेल तर रोजच्या वापराबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

तिसरा वर्ग जिवाणूंचा, आणि माझ्या मते सगळ्यात कमी समजून घेतलेला. सायक्लामेट पाहा. १९३७ मध्ये सापडलं, आपल्या एन्झाइमना ते तोडता येत नाही. पण काही लोकांच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचा गंधक-नत्र बंध तोडून सायक्लोहेक्झिलअमाइन बनवतात. सगळ्यांच्या नाही, काहींच्याच, आणि ज्यांच्यात होतं त्यांच्यातही सवयीने वाढतं. रोज सायक्लामेट खाल्लं की ते तोडू शकणारे जिवाणू सरावतात, बंद केलं की काही दिवसांत ती क्षमता उतरते. सायक्लोहेक्झिलअमाइन मोठ्या डोसला उंदरांच्या वृषणांना अपाय करतं. माणसासाठी सायक्लामेटची मर्यादा प्रतिकिलो ११ मिलिग्रॅम अशी बेताची ठेवली, तिचा आधार हाच. म्हणजे धोका मूळ रेणूचा नाही, त्यातून होणाऱ्या तुकड्याचा आहे, आणि तो तुकडा करणारी एन्झाइम आपली नाहीतच.

स्टीव्हिया ‘नैसर्गिक’ म्हणून विकलं जातं, पण पचनाच्या दृष्टीने तेही याच वर्गातलं. स्टीव्हिऑल या गाभ्याला ग्लुकोजचे रेणू बीटा बंधांनी लटकलेले असतात. आपल्या आतड्याची एन्झाइम पिष्टमय पदार्थांचे अल्फा बंध तोडायला बनलेली, त्यांना हे बंध तोडता येत नाहीत. मोठ्या आतड्यात बॅक्टेरॉइडिस गटाचे जिवाणू एकेक ग्लुकोज काढून स्वतः खातात, उघडा पडलेला स्टीव्हिऑल रक्तात जातो, यकृत त्याला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडतं आणि तो लघवीतून जातो. म्हणून याची मर्यादा स्टीव्हिऑलच्या वजनात सांगतात, प्रतिकिलो ४ मिलिग्रॅम. रेबॉडिओसाइड-ए या शुद्ध रूपात मोजलं तर ते १२ मिलिग्रॅमच्या आसपास जातं. डब्यावरचे आकडे वाचताना लोकांचा इथे गोंधळ होतो.

‘नैसर्गिक’ या शब्दावर फार भिस्त ठेवू नये, याचं माझं आवडतं उदाहरण ज्येष्ठमध. त्यातल्या गोड ग्लिसिरायझिनचे साखरेचे तुकडे जिवाणू काढतात आणि उरलेलं आम्ल मूत्रपिंडातलं एक एन्झाइम बंद पाडतं, जे एरवी कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्प्रभ करत असतं. मग कॉर्टिसॉल नको तिथे काम करू लागतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. पोटॅशियम कारणाशिवाय कमी आलेलं दिसलं की ज्येष्ठमध चघळता का, हे विचारायची सवय ठेवावी.

स्वीटनर आणि जिवाणू यांचं नातं दुहेरीही असू शकतं. २०२२ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या प्रयोगात निरोगी प्रौढांना दोन आठवडे सॅकरिन, सुक्रालोज, ॲस्पार्टेम वा स्टीव्हिया दिलं. सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांत ग्लुकोज पचवण्याची क्षमता बिघडल्याचं दिसलं, आणि परिणाम माणसागणिक वेगळा होता. मला हे निष्कर्ष अंतिम वाटत नाहीत, पण ‘न तुटणारं म्हणजे निष्क्रिय’ असं मी आता वर्गात म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन कमी करण्यासाठी या पदार्थांवर भिस्त ठेवू नये अशी सूचना दिली, त्यात आधीपासून मधुमेह असलेल्यांचा समावेश नव्हता, हेही लक्षात असू द्या.

आता मधुमेहींच्या दृष्टीने सर्वांत कामाचा भाग, ज्याबद्दल कुणी विचारत नाही. ‘शुगर-फ्री’ बिस्किटं, चॉकलेट, गोळ्या यांत बहुतेकदा साखरेची अल्कोहोलं असतात (हा रासायनिक प्रकार, दारू नव्हे). त्यांना आपली एन्झाइम चक्क तोडतात, निदान काहींना. माल्टिटॉल म्हणजे ग्लुकोज आणि सॉर्बिटॉल यांची जोडी. लहान आतड्यातलं माल्टेज तिला अर्धवट तोडतं, सुटलेलं ग्लुकोज रक्तात जातं. सॉर्बिटॉलचं यकृतातलं सॉर्बिटॉल डिहायड्रोजनेज फ्रुक्टोज करतं. झायलिटॉलचं झायल्युलोज होऊन ते साखरेच्या नेहमीच्या वाटेला लागतं. ग्रॅमला सुमारे २.४ किलोकॅलरी धरतात, साखरेच्या निम्म्याहून जास्तच. साखर चढते, फक्त हळू आणि कमी. उरलेलं मोठ्या आतड्यात आंबतं, म्हणून जास्त खाल्ल्यास पोटात गुरगुर. यांच्यात एरिथ्रिटॉल अपवाद आहे. ते सुमारे ९० टक्के शोषलं जातं आणि न तुटता लघवीतून जातं. २०२३ मध्ये रक्तातलं जास्त एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा अभ्यास आला, पण शरीर स्वतःही एरिथ्रिटॉल बनवतं, त्यामुळे कारण कोण आणि परिणाम कोण याचा निकाल अजून लागलेला नाही.

आणि पुडी. स्वीटनरची एक पुडी फाडून हातावर ओता. त्यात १२ मिलिग्रॅम सुक्रालोज असेल तर ते तुम्हाला दिसणारही नाही. दिसते ती ग्रॅमभर पांढरी भुकटी असते माल्टोडेक्स्ट्रिन किंवा ग्लुकोज, निव्वळ आकारमानासाठी घातलेलं. माल्टोडेक्स्ट्रिनला लाळेतलं आणि स्वादुपिंडाचं अमायलेज झटपट तोडतं आणि त्याचं ग्लुकोज होतं. म्हणजे पुडीतली एन्झाइमच्या तावडीत सापडणारी वस्तू ही भरताड असते, स्वीटनर नव्हे. अमेरिकेत एका मापात ५ किलोकॅलरीपेक्षा कमी असेल तर शून्य छापायला परवानगी आहे, त्यात एक पुडी बसते. दिवसाला एक-दोन पुड्यांनी काही होत नाही. पण दहा-बारा लागत असतील तर त्या ग्लुकोजची नोंद ठेवा, किंवा द्रव थेंब अथवा छोट्या गोळ्या वापरा. त्यांत भरताड नसतं किंवा नगण्य असतं.

राहिला एन्झाइमच्या कॅप्सूलचा प्रश्न. बाजारातल्या पाचक कॅप्सूलमध्ये बहुधा पॅन्क्रिएटिन असतं, म्हणजे अमायलेज, लायपेज आणि प्रोटिएज. कशात लॅक्टेज असतं. यातलं कुणी सुक्रालोज, सॅकरिन, ॲसिसल्फेम वा स्टीव्हियाला हात लावू शकत नाही. ॲस्पार्टेम तुमची स्वतःची एन्झाइम संपूर्ण तोडतातच, तिथे मदतनीस लागत नाही. कॅप्सूलचं अमायलेज फार तर पुडीतल्या माल्टोडेक्स्ट्रिनवर काम करेल, आणि मधुमेह असताना ते आणखी लवकर तुटावं असं तुम्हाला नको असेल. स्वादुपिंड खराब झाल्याने डॉक्टरांनी या कॅप्सूल दिल्या असतील तर त्या अन्नासाठी घ्या, स्वीटनरसाठी नको.

वेष्टन वाचताना नावं बारीक असतात, मिश्रकांना दिलेले क्रमांक सोपे पडतात. ९५१ म्हणजे ॲस्पार्टेम, घरात फेनिलकीटोन्यूरियाचं मूल असेल तर हा, आणि ९६२ असेल तोही (ॲस्पार्टेम व ॲसिसल्फेमचं क्षार), टाळायचा. ९५० ॲसिसल्फेम, ९५४ सॅकरिन, ९५५ सुक्रालोज, हे तीन जवळपास न तुटता जाणारे. ९५२ सायक्लामेट आणि ९६० स्टीव्हिया जिवाणूंच्या वाटेचे. ४२० सॉर्बिटॉल, ९६५ माल्टिटॉल, ९६७ झायलिटॉल, यांना कॅलरी आहेत आणि मधुमेहींनी त्या मोजायच्या. ९६८ एरिथ्रिटॉल. एकाच पेयात ९५० आणि ९५१ शेजारी-शेजारी दिसतील, ते चव जुळवण्यासाठी असतं, आणि त्यांच्या मर्यादा वेगवेगळ्या मोजायच्या, बेरीज करून नाही.